सध्या शक्य नाही

४ नोव्हेंबर

मोठ्या सिस्टर आज निवृत्त झाल्या. एकतीस वर्षं नवजात वॉर्ड! दिवस न भरलेली, तळहातावर मावणारी बाळं काचेच्या पेटीत ठेवायची आणि जगवायची — एवढंच केलं त्यांनी आयुष्यभर. अधीक्षक बोलले, मेट्रन म्हणून मी बोलले. मी म्हणाले, "तुमची जागा कोणीच भरू शकणार नाही." टाळ्या पडल्या.

निघताना दारात त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, ते वाक्य खरं आहे. कौतुक म्हणून बोललात, पण खरं आहे."

घरी येईपर्यंत चिडचिड. निरोपाच्या दिवशी सुद्धा टोमणा!

५ नोव्हेंबर

बाह्यरुग्ण विभागात दोघी आल्याच नाहीत. मीच टेबलावर बसले. मग प्रसूती. मग ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आला म्हणून वरच्या मजल्यावर. दुपारचं जेवण चारला, तेही उभ्यानं. नवजात वॉर्डातल्या मावशी जिन्यात भेटल्या. बाकी सगळे मला मॅडम म्हणतात, त्या बाई म्हणतात. हसून म्हणाल्या, "आमच्या बाई चालत नाहीत, पळतात."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर

नवजात वॉर्डातल्या उरलेल्या दोघींपैकी एकीनं राजीनामा दिला. खाजगी हॉस्पिटल, घराजवळ, रात्रपाळी नाही. मी म्हणाले, "अगं, थांब थोडे महिने." तर म्हणते, "मॅडम, तुम्ही दीड वर्षापूर्वी पण हेच म्हणाला होतात."

आता तिथलं शिक्षण घेतलेली एकच. बरोबर दोन नव्या पोरी देते, बघून बघून शिकतील. निभेल.

२ डिसेंबर

निभत नाहीये. बाळांचे डॉक्टर तणतणत आले. नव्या पोरींना बाळाच्या हाताची शीर सापडत नाही. शीर कसली, दोऱ्याएवढी रेघ! त्यांना तरी काय म्हणणार. ते शिकायला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभर राहावं लागतं.

सध्या शिकलेली एकटी दोन-दोन पाळ्या करतेय. तिला मीच सांगितलं, "या आठवड्यापुरतं कर." मागच्या आठवड्यातही हेच सांगितलं होतं.

१० डिसेंबर

जाहिरात दिली. एकही अर्ज नाही.

२३ डिसेंबर

दोन-दोन पाळ्या करणाऱ्या त्या एकटीची पाठ गेली. बाळाची पेटी सरकवताना कळ आली, तिथेच बसली. मीच व्हीलचेअर आणायला धावले. डॉक्टर म्हणाले तीन महिने सक्त विश्रांती. व्हीलचेअरवर बसून ती माझीच समजूत घालत होती — "मॅडम, सॉरी हं."

सॉरी! तिनं!

२७ डिसेंबर

मोठ्या सिस्टरना फोन केला. बहिणीकडे राहतात आता. म्हटलं, चार महिने या, गाडी पाठवते, राहायची सोय करते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या —

"मॅडम, माझी नजर गेलीय. तीन वर्षांपासून शीर दिसत नव्हती, बोटानं चाचपून सुई लावत होते. कोणाला बोलले नाही. म्हणून तर घाई करत होते मी! तीन अर्ज कशाला लिहिले असतील?"

मी विचारलं, मला सांगितलं का नाही.

"तुम्ही दोन मिनिटं बसला असतात तर सांगितलं असतं. तुम्ही सदा दारातच उभ्या."

२ जानेवारी

नवजात वॉर्ड बंद. कागदावर "तात्पुरता". कुलूप मावशींनी लावलं. एकोणीस वर्षं त्यांनी त्या पेट्या पुसल्यात. किल्ली माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "उघडेल हो बाई, तुम्ही आहात ना."

आता कमी दिवसाचं बाळ आलं तर शहरात पाठवायचं. अडीच तास.

२९ जानेवारी

लिहायला जमेलसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी बाराला मावशींची सून आली. सातवा महिना, कळा सुरू. दीडला बाळ झालं. मुलगा. अकराशे ग्रॅम. रडला, बारीक मांजरीसारखा, पण रडला! मावशी दाराशी उभ्या. त्या मला म्हणाल्या, "बाई, पेट्या स्वच्छ आहेत. परवाच पुसल्यात. मी उघडते."

मी बाळांच्या डॉक्टरांकडे बघितलं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पेटी चालू करायला बटण पुरतं. बाळ जगवायला दिवसरात्र जाणते डोळे लागतात. कोणाच्या भरवशावर ठेवू?"

कोणाच्या भरवशावर.

रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत काढली. मी स्वतः बसले. कोणी सांगितलं नव्हतं, मीच बसले. डॉक्टर, मी, बाळ, आणि बाळाचा बाप पुढे ड्रायव्हरशेजारी. हवेची पिशवी मी दाबत होते. दोन बोटांत मावणारी पिशवी! दाब, सोड, दाब, सोड. चाळीस किलोमीटर ठीक होतं. मग रंग बदलायला लागला. ड्रायव्हरनं जिवाचं रान केलं. मीही. आयुष्यात एवढी झटले नसेन.

शहर दिसायला लागलं होतं. डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पिशवी थांबवली.

बाप मागे वळून म्हणाला, "पोचलो का?"

३० जानेवारी

रजा घेतली. बावीस वर्षांत पहिली, न सांगता.

१ फेब्रुवारी

सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतायत. अधीक्षक म्हणाले, "तुम्ही तर शर्थ केलीत. स्वतः गेलात! दुसरं कोण गेलं असतं?" प्रसूतीतल्या पोरींनी माझ्या टेबलावर चहा झाकून ठेवला. कौतुक चाललंय माझं! घशाखाली उतरत नाही — चहाही नाही आणि ते कौतुकही नाही.

४ फेब्रुवारी

आज खालचा खण उघडला. तिन्ही अर्ज सापडले. मोठ्या सिस्टरचं अक्षर टपोरं, शाळेतल्यासारखं. विषय एकच — दोन मुलींना वर्षभर शिकायला पाठवावे.

पहिला, अडीच वर्षांपूर्वीचा. चारपैकी एक सिस्टर नवऱ्यामागे परदेशी गेली तेव्हाचा. त्यावर माझा शेरा — "सध्या शक्य नाही." तेव्हा तापाची साथ होती. खरंच होती.

दुसरा त्यानंतर दहा महिन्यांनी. "सध्या शक्य नाही." वरून तपासणी यायची होती. भिंती रंगवणं चाललं होतं. हेही खरं.

तिसरा त्या निवृत्त झाल्या त्याच्या बरोबर वर्षभर आधीचा, नोव्हेंबरातला. खाली एक ओळ जास्त — "मी पुढच्या नोव्हेंबरात जाणार. मी गेल्यावर काय करायचं हे मी असताना ठरवू या." शेरा तोच. तोच पेन, तीच सही.

त्या नोव्हेंबरात काय होतं? आठवून आठवून थकले. रजांची वही काढून बघितली. साथ नाही. तपासणी नाही. कोणी आजारी नाही. काहीही नव्हतं! तो एक महिना सगळं सुरळीत होतं — आणि सुरळीत आहे तोवर कशाला हात लावायचा, म्हणून नाही म्हटलं. दोघींची वर्षभराची सोय लावायची म्हणजे एक दुपार बसून डोकं चालवायला लागलं असतं. एक दुपार.

५ फेब्रुवारी

ह्यांना दाखवले अर्ज. हे रेल्वेत वेळापत्रकं करायचे, चौतीस वर्षं. वाचून चष्मा काढला. मला वाटलं, आता समजूत घालतील. नाही घातली.

"अगं, आमच्याकडे एक साहेब होते. गाडी अडकली की रुळावर हजर. पावसात, उन्हात. लोक देव मानायचे. त्यांची बदली झाली आणि गाड्या अडकायच्याच थांबल्या. नवीन साहेब कधी खुर्चीतून उठला नाही."

मी म्हटलं, "म्हणजे मी —"

"मी तुझं नाव घेतलं का?"

नाही घेतलं. घ्यायला काय राहिलं होतं!

सत्य असं आहे, आणि हे फक्त इथेच लिहिते: मला धावायला आवडायचं. कोणीतरी हाक मारतंय, माझ्यावाचून अडलंय, मी पोचले आणि सुटलं. दिवसातून दहा वेळा ते सुख. बसून पुढच्या दोन वर्षांचा विचार करण्यात कोण हाक मारतंय? कोण टाळ्या वाजवतंय? तहान लागल्यावर विहीर खणायची आणि वर घाम पुसत लोकांकडे बघायचं, इतकी वर्षं हेच केलं.

९ फेब्रुवारी

मावशी कामावर आल्या. दहा दिवसांनी. बंद वॉर्डाची किल्ली मागितली. मी विचारलं, कशाला? म्हणाल्या, "धूळ बसते ना."

मागून गेले. त्या पेट्या पुसत होत्या, एकेक, कोपऱ्याकोपऱ्यातून. मला बघून म्हणाल्या, "बाई, तुमचा काय दोष? नशीब माझ्या पोराचं. तुम्ही किती धावलात. पोरगा सांगत होता, तुमची बोटं सुजली होती."

 अर्जांचं न सांगताच परत आले. भित्री.

१३ फेब्रुवारी

सांगितलं.

दुपारी, त्याच वॉर्डात. त्या फडकं पिळत होत्या. मी म्हटलं, "मावशी, दोष माझा आहे. मोठ्या सिस्टरनी तीनदा लिहून दिलं होतं, दोन पोरी शिकवून आणा. मी तीनदा नाही म्हटलं."

"तीनदा?"

"तीनदा."

"का हो?"

"पहिल्यांदा साथ होती. दुसऱ्यांदा तपासणी होती."

"आणि तिसऱ्यांदा?"

"काही नव्हतं."

त्यांनी फडकं बादलीच्या काठावर नीट पसरलं. घडी मोडली, परत पसरलं. मग म्हणाल्या, "पाणी बदलून आणते, मॅडम."

मॅडम.

बादली घेऊन गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मी पाऊण तास थांबले.

१५ फेब्रुवारी

ह्यांनी जुन्या कॅलेंडरची मोठी पानं पाठकोरी जोडून जमिनीवर पसरली. म्हणाले, "सांग. एकेक नाव, वय, कुठल्या वॉर्डात, काय येतं." एकसष्ट सिस्टर्स. सकाळी दहाला बसलो, दुपारी तीनला उठलो. मधे फोन अकरा वेळा वाजला. एकदाही मी उचलला नाही — ह्यांनी तो पिठाच्या डब्यात टाकला होता!

संपल्यावर उभं राहून बघितलं. तीन वर्षांत अकराजणी निवृत्त होतायत. ऑपरेशन थिएटरमधल्या पाचपैकी चार एका वर्षात. म्हणजे जे आज बाळांच्या वॉर्डाचं झालं, ते उद्या थिएटरचं. तारखेसकट लिहिलेलं. कोणी लपवलेलं नव्हतं. नुसतं एका कागदावर कधी मांडलंच नव्हतं.

"बघ," हे म्हणाले, "परिस्थिती अचानक येत नाही. ती वेळापत्रकाप्रमाणेच येते. आपण स्टेशनावर नसतो."

१८ फेब्रुवारी

अधीक्षकांकडे कागद घेऊन गेले. तिघींना नवजात वॉर्डाच्या शिक्षणाला पाठवायचं, वर्षभर. सुरुवात एक मार्चला.

"तिघी? दोघी पुरतील की."

"एखादी परत आली नाही तर?"

"आणि इथलं कोण बघणार?"

मी म्हटलं, स्पेशल खोल्या बंद करू. सहा खोल्या, तिथल्या सिस्टर्स जनरलला. ते खुर्चीतून उठलेच. "मॅडम! नगराध्यक्षांची आई आहे पाच नंबरात! परिस्थिती काय, तुम्ही बोलताय काय!"

"परिस्थिती अशी होणार हे आपल्याला अडीच वर्षं माहीत होतं, साहेब. माझ्या खणात होतं." आणि तिन्ही अर्ज त्यांच्यापुढे ठेवले. माझ्या शेऱ्यांसकट.

त्यांनी वाचले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बाहेर गेलं तर तुमची नोकरी जाईल, कळतंय ना?"

"कळतंय. एक मार्चनंतर जाऊ दे."

सही केली. माझ्याकडे न बघता.

१ मार्च

तिघी गेल्या. सर्वांत लहान आहे ती बसच्या खिडकीतून ओरडली, "मॅडम, काही अडलं तर बोलवा हं!" मी म्हटलं, "मरतेय असं सांगितलं तरी येऊ नका." बसमधले लोक बघायला लागले.

१७ मार्च

शिव्या खातेय. नगराध्यक्षांचा माणूस येऊन टेबलावर हात आपटून गेला. बाह्यरुग्ण विभागात रांग फाटकापर्यंत. एका म्हाताऱ्या आजोबांना दोन तास ताटकळावं लागलं. ते मला म्हणाले, "पूर्वी तुम्ही असायचात हो इथे. आता मोठ्या झालात वाटतं." काय सांगू त्यांना! खरंच आहे, मी नव्हते. मी वर बसून थिएटरच्या चौघींच्या जागी कोण तयार करायच्या ते ठरवत होते. आजोबांचे दोन तास मी खर्च केले. फुकट काहीच होत नाही, हे कोणी आधी सांगितलं असतं तर — सांगितलं होतं की. तीनदा.

मावशी समोरून गेल्या. "नमस्कार मॅडम." बस.

८ एप्रिल

तापाची साथ आली गावभर. दोन वॉर्ड भरले, जमिनीवर गाद्या. सातजणी स्वतःच आजारी. अधीक्षक म्हणाले, "त्या तिघींना पंधरा दिवसांपुरतं बोलवा. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?" चूक नव्हते ते. शिक्षणातून पंधरा दिवस गेले की वर्ष वाया, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

नंबर फिरवला. खरंच फिरवला. पलीकडे वाजला. ठेवून दिला.

मग मी स्वतः ताप मोजत फिरले, चौदा दिवसांसाठी सगळ्यांच्या पाळ्या लावल्या, शेजारच्या नर्सिंग शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या पायऱ्या झिजवून तिच्या वीस मुली आणल्या. धावले, हो. पण या वेळी पुढचं गहाण ठेवून नाही.

२६ एप्रिल

साथ ओसरली. दोन माणसं गेली — दोघंही ऐंशीच्या पुढची. त्या तिघी असत्या तर वाचली असती का? डॉक्टर म्हणतात, नाही. मी विचारणं सोडत नाही.

३ जून

पाठ गेलेली सिस्टर कामावर रुजू, तीन महिन्यांचे पाच होऊन. तिला बसून करायचं काम दिलं — नव्या पोरींना शिकवायचं. बाहुलीच्या हातावर लाल दोरा चिकटवलाय तिनं. "ही शीर. शोधा!" पोरी हसत होत्या. मावशी दारातून बघत होत्या. मी आले तशा निघून गेल्या.

त्यांनी मला माफ करावं असं वाटत नाही. वाटतं — पण मागणार नाही. ते मागणं म्हणजे परत त्यांनाच कामाला लावणं.

२९ जुलै

अकराशे ग्रॅम. आज सहा महिने झाले. भाजी घेताना वजनकाट्याकडे बघवत नाही. भाजीवाला म्हणाला, "काकू, किती देऊ?" मी न घेताच आले.

१४ सप्टेंबर

तिघींपैकी थोरलीचं पत्र. शहरातल्या हॉस्पिटलनं तिला तिथेच नोकरी देऊ केलीय, ती राहणार. तीन पानं माफी. मी एका ओळीत उत्तर दिलं — आनंदात राहा, चांगलं काम कर.

हे म्हणाले, "दोघी पुरतील?" म्हटलं, कशाबशा पुरतील. दोघीच पाठवल्या असत्या तर आज एकच उरली असती, आणि मी परत बाळ मांडीवर घेऊन रस्त्यावर.

१२ नोव्हेंबर

मावशी ऑफिसात आल्या, न बोलावता. खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

"सुनेला पाचवा लागलाय. मागचं सातव्यात झालं होतं. वॉर्ड कधी उघडणार? तारीख सांगा."

पोरी येणार फेब्रुवारीच्या अखेरीला. सातवा लागतो जानेवारीत. तसंच सांगितलं, गोड न करता. म्हटलं, "जमणार नाही, मावशी. वॉर्ड उघडायची वाट बघायची नाही." त्यांच्यासमोरच शहरातल्या हॉस्पिटलला फोन लावला. डिसेंबर अखेरपासून सूनबाई तिथेच राहील, हॉस्पिटलसमोरच्या खोलीत, तुम्ही सोबत, भरपगारी रजा मी लावते. पहिली तपासणी उद्या सकाळी दहाला.

सून ठणठणीत आहे. बाळ हलतंय. कोणीही हाक मारलेली नाही, काहीही बिघडलेलं नाही.

उद्या पहिल्या बसनं आम्ही तिघी निघतोय.